रॉकेलचे रिकामे डबे

पुरुषांना दाढी का येते? युटा विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी २०२० मध्ये याचं उत्तर दिलं : ठोसा बसला तर जबडा फुटू नये म्हणून. नुसतं सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी हाडाच्या जातीचे कृत्रिम ठोकळे बनवले, काहींवर मेंढीचं लोकरीसकट कातडं चढवलं, काहींवर लोकर कातरलेलं, आणि वरून वजन आदळून कोण आधी फुटतं ते पाहिलं. लोकरवाले ठोकळे जास्त टिकले. पुढच्याच वर्षी या कामाला इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी हा पुरस्कार असतो. दाढी आणि ठोशाच्या या प्रबंधाला तो ज्या विभागात मिळाला, तो विभाग शांततेचा होता.

या तिघांतले डेव्हिड कॅरियर या विषयातले जुने खेळाडू आहेत. मुठीबद्दलही त्यांचं असंच म्हणणं आहे. चिंपांझीला बोटं दुमडून, वरून अंगठ्याचा टेकू देऊन घट्ट मूठ वळता येत नाही, आपल्याला येते. तेव्हा माणसाच्या हाताची ठेवण घडताना सुईत दोरा ओवण्याबरोबर समोरच्याचं नाक फोडण्याचीही सोय झाली असावी. आणि आपल्या आदिम पूर्वजांचे चेहरे दणकट का? तर ते ठोसे झेलायला. हात मारायला आणि तोंड मार खायला. ही माहिती मी घरी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. "मग बायकांच्या जबड्याचं काय?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला. मारामाऱ्या मुख्यतः पुरुषच करत आले आहेत, असं उत्तर या सिद्धान्तात तयार असतं. ते मी दिलं. त्यावर उलट उत्तर आलं नाही. पातेलं मात्र ओट्यावर जरा जोरात ठेवल्याचं ऐकू आलं.

जे आहे ते कशासाठी तरीच असणार, असं एकदा धरून चाललं की कारणं भराभर सुचत जातात. असल्या स्पष्टीकरणांना शास्त्रज्ञ आपसांत 'जस्ट सो स्टोरीज' म्हणून टोमणा मारतात. म्हणजे उंटाला मदार कशी आली, या छापाच्या किपलिंगच्या बालकथा. (किपलिंग जन्मला मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात, त्यामुळे या टोमण्यावर आपलाही थोडा हक्क पोचतो.) माणसाच्या भांडकुदळपणाच्या बाबतीत तर प्रत्येक पिढीने आपल्याला हवा तसा पूर्वज शोधून काढला आहे. दक्षिण आफ्रिकेतले रेमंड डार्ट हे मोठे शरीरशास्त्रज्ञ. टाउंगला १९२४ मध्ये सापडलेली बालकाची कवटी माणसाच्या गोतावळ्यातली आहे, हे त्यांनीच ओळखलं. पण पुढे गुहांमधून फुटक्या कवट्या आणि मोडकी हाडं निघू लागली, तेव्हा १९५३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आपला पूर्वज म्हणजे हाडांची हत्यारं परजत हिंडणारा खुनी होता. रॉबर्ट आर्ड्री या नाटककाराने १९६१ मध्ये पुस्तक लिहून तो खुनी घरोघर पोचवला. दुसरं महायुद्ध नुकतंच होऊन गेलेलं. आपण असे कसे वागलो, या प्रश्नाला 'मुळातच तसे' हे उत्तर कुणालाही सोयीचं होतं.

मग सी. के. ब्रेन नावाचे गृहस्थ तसल्याच गुहांमधली हाडं घेऊन वर्षानुवर्षं बसले. एका कवटीच्या तुकड्याला दोन भोकं होती. त्यांच्यातलं अंतर त्यांनी बिबट्याच्या सुळ्यांशी ताडून पाहिलं. जुळलं. टाउंगच्या बालकाचा जीवही बहुधा एका मोठ्या गरुडाने घेतला असावा, असं नंतर निघालं. म्हणजे जगातला पहिला खुनी म्हणून ज्याला धरलं होतं, तो कुणाच्या तरी रात्रीच्या जेवणातला पदार्थ होता. आरोपीच्या निर्दोष सुटकेला वीसेक लाख वर्षं लागली. आपल्याकडच्या तारखा पाहता हे फार नाही.

दिसण्यावर जाऊ नये, हे या विषयात फार लवकर कळतं. पशुवर्तनाचे अभ्यासक कोन्राड लोरेन्झ (१९७३ चं नोबेल मिळालेले) यांनी एकदा जोडी जमावी म्हणून एक होला नर आणि दुसऱ्या जातीची होला मादी एका ऐसपैस पिंजऱ्यात ठेवली आणि ते व्हिएन्नाला गेले. परत येऊन पाहतात, तर मादीने नराची मान आणि पाठ सोलून काढलेली. लोरेन्झ यांचा तर्क असा : लांडग्याच्या दातांत जीव घेण्याची ताकद असल्यामुळे त्याला थांबायची सवयही जन्मजात असते, होल्याला रानात असली सवय लागत नाही, कारण हरणारा उडून जातो. पिंजऱ्यात उडून जायची सोय नव्हती. हा उतारा मी घरी वाचून दाखवला नाही. २०१६ मध्ये स्पेनमधल्या काही संशोधकांनी सस्तन प्राण्यांच्या १०२४ जातींचा हिशेब मांडला, की एकूण मृत्यूंपैकी स्वजातीयांच्या हातून किती होतात. सरासरी निघाली ०.३ टक्के. आपल्या वंशवृक्षावरून माणसाच्या वाट्याला येणारा अंदाज २ टक्के. आणि पहिला नंबर? १९ टक्क्यांच्या आसपास, मीरकॅट. तेच ते, दोन पायांवर उभं राहून इकडेतिकडे बघणारे, ज्यांचे फोटो लोक मोबाइलवर 'गुड मॉर्निंग' म्हणून पाठवतात.

पण आफ्रिकेत कशाला जायचं? हा वाद आपल्या अंगणातही झाला आहे. १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा हे जपानी अभ्यासक धारवाडजवळच्या रानात वानरांच्या टोळ्या पाहत होते. आपण ज्यांना मारुतीचे वंशज म्हणून शनिवारी चणे घालतो, तेच हे काळ्या तोंडाचे वानर. त्यांना असं दिसलं, की बाहेरचे नर येऊन टोळीतल्या जुन्या हुप्प्याला हुसकावतात, मग त्यांतला एक गादीवर बसतो आणि टोळीतली दूधपिती पिल्लं एकेक करून मारली जातात. १९७१ मध्ये सारा हर्डी ही हार्वर्डची विद्यार्थिनी हेच तपासायला अबूच्या पहाडावर आली. गर्दीमुळे वानरांची डोकी फिरत असतील, अशी कल्पना ती बरोबर घेऊन आली होती. काही हंगाम पाहिल्यावर ती कल्पना तिने सोडली. तिचा हिशेब वेगळाच निघाला. पिल्लू अंगावर पीत असेतो वानरी माजावर येत नाही. नव्या हुप्प्याची सद्दी जेमतेम दोन-अडीच वर्षांची. तेवढ्यात दुसरा कुणी येऊन त्याला हाकलणार. आधीच्या हुप्प्याचं पिल्लू गेलं, तर वानरी लवकर माजावर येते आणि याचा वंश पुढे जातो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं, या म्हणीचा इतका कोरडा अर्थ आपल्या आजीने काही केला नसता.

हर्डीचं पुढचं निरीक्षण मला जास्त आवडतं. वानरी हे मुकाट्याने पाहत बसत नाहीत. गरोदर असतानाही माजावर आल्याचं सोंग करून त्या नव्या हुप्प्याला जवळ करतात, म्हणजे जन्मणारं पिल्लू आपलंच असावं, अशी त्याची समजूत व्हावी. अबूला सोल नावाची एक म्हातारी होती. तिला स्वतःला पिल्लं होण्याचं वय कधीच टळलेलं, टोळीत मान नाही, खायला-बियायला सगळ्यांच्या मागून. पण नर पिल्लावर झेपावला की तरण्याताठ्या आयांच्या आधी ही म्हातारी मध्ये पडायची आणि अंगाने दुप्पट असलेल्या त्या धटिंगणाशी झोंबायची. उत्क्रांतीतला आक्रमकपणा म्हटला की पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नेहमी सुळे दाखवणारा नर असतो. सोलचं चित्र मला कुठे दिसलेलं नाही.

हर्डीचं म्हणणं सगळ्यांना पटलं नाही. माणसांच्या वस्तीत, प्रवाशांनी घातलेलं खाऊन जगणाऱ्या वानरांचं वागणं बिघडलेलं असणार, असं तिच्या टीकाकारांनी सांगितलं. पण तो शास्त्रज्ञांचा वाद. लोकांचं शास्त्र निराळं असतं. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेऊ लागली. तिथून पडून किंवा उपासाने ती मेली. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं होतं, त्याचा हा सूड, असं गावातून सांगितलं गेलं आणि बघता बघता लवूळ जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. मेलेल्या पिल्लांचा आकडा बातम्यांत अडीचशेपर्यंत चढला. वनखात्याने इतका असल्याचं मान्य केलं नाही. शेवटी खात्याच्या लोकांनी दोन वानरं पकडून नेली. अडीचशे खून आणि आरोपी दोन. तरीही माजलगावपासून लंडनपर्यंत कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. पिल्लू उचलणाऱ्या वानराला काय हवं होतं, ते वानरालाच ठाऊक. पण सूड म्हटल्याबरोबर आपल्याला सगळं लख्ख कळतं.

आता मी ज्या डब्यांसाठी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे येतो. जेन गुडाल १९६० च्या जुलैत टांझानियात, टांगानिका सरोवराकाठच्या गोम्बेच्या रानात चिंपांझींचा अभ्यास करायला पोचल्या. तिथल्या चिंपांझींत माईक नावाचा एक नर होता. अंगाने बेताचा, मान खालचा, केळी वाटली जात तेव्हा हात शेवटी पोचणारा. १९६४ च्या सुमाराला त्याला गुडाल यांच्या तळावर रॉकेलचे रिकामे डबे सापडले. माईकने ते डबे पुढे ढकलत, आपटत, गडगडवत थेट बड्या नरांच्या घोळक्यावर धाव घेतली. बडे पांगले. मग एकेक करून परत आले, वाकले आणि माईकच्या अंगातल्या उवा काढायला बसले. सरावाने तो एकदम तीन-तीन डबे वाजवायला शिकला. काही महिन्यांत गोलायथ नावाच्या धिप्पाड म्होरक्याची गादी त्याच्याकडे आली, आणि तीही धड एक मारामारी न करता. बळी तो कान पिळी ही आपली म्हण माईकने ऐकलेली नव्हती.

ही हकिकत वाचल्यापासून मला बरंच काही निराळं दिसू लागलं आहे. आमच्या रस्त्यावरून एक तरुण रोज रात्री सायलेन्सर काढलेली बुलेट नेतो. नंबरप्लेटच्या वर 'बघतोस काय, मुजरा कर' लिहिलेलं आहे. त्याचं वजन फार तर पन्नास किलो असेल. असले सायलेन्सर जप्त करून पोलीस ते रोडरोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो पेपरात येतात. गुडाल यांनीही शेवटी डबे लपवून ठेवले होते. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून जुंपते तेव्हाही हेच चालतं. दुसऱ्या मजल्यावरचे काका आणि सी विंगमधले साहेब, दोघेही निवृत्त, दोघांच्याही हृदयाला डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं.

"तुम्ही मला ओळखत नाही अजून!"

"चांगला ओळखतो! वीस वर्षं ओळखतोय!"

"पोलिसांत देईन!"

"द्या ना! आत्ता द्या! चला, मी येतो सोबत!"

हे म्हणताना दोघेही आपापल्या लिफ्टकडे सरकत असतात. खिडक्यांचे पडदे हलतात. चार दिवसांनी एका घरातून दुसऱ्या घरात अळूवड्यांची ताटली जाते. पशुवर्तनाचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांनी नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात नेमकं हेच टिपून ठेवलं आहे : भांडणानंतर चिंपांझी एकमेकांना मिठी मारतात, मुके घेतात; आणि दोन नर फुरंगटून पाठ फिरवून बसले, तर मामा नावाची एक वडीलधारी मादी त्यांना जवळ आणायची. अळूवड्यांचं काम तिथे ती करत असे.

सांगायचं असं, की आरडाओरडा, केस फुलवणं, फांद्या ओढत नेणं, छाती पुढे काढणं ही सगळी उत्क्रांतीने जीव वाचवायला दिलेली साधनं आहेत. मारामारीत जिंकणाऱ्यालाही जखम होते, आणि रानात जखम चिघळली की संपलं. तेव्हा नुसत्या आवाजावर काम भागत असेल, तर दोघांचाही फायदा. जो फार ओरडतो, त्याला बहुधा मारायचं नसतं. मारायला निघालेला चिंपांझी कसा दिसतो, तेही गोम्बेतच कळलं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गोम्बेची टोळी दुभंगली. काही नर दक्षिणेकडे काहामा खोऱ्यात वेगळे राहू लागले, बाकीचे उत्तरेला कासाकेलात. लहानपणापासून एकमेकांच्या उवा काढलेले हे सोबती, भाऊबंदकीच ती. ७ जानेवारी १९७४ या दिवशी उत्तरेकडचे सहा मोठे नर आणि आणखी दोघे हद्द ओलांडून आले. एरवी चिंपांझी रानातून चालले की मैलभर गलका ऐकू येतो. हद्दीवर मात्र ते एकामागे एक, चिडीचूप चालतात, थांबून कान देतात, पानं हुंगतात. गोडी नावाचा काहामाचा नर एकटाच झाडावर खात बसला होता. त्याला खाली ओढलं, एकाने पाय धरून ठेवले, बाकीच्यांनी दहा मिनिटं मारलं. गुडाल यांचे टांझानियन सहकारी हिलाली माटामा यांनी हे पाहिलं. गोडी पुन्हा दिसला नाही. पुढच्या चार वर्षांत काहामाचे सगळे नर या ना त्या रीतीने संपले. १९७५ मध्ये पाळी आली ती गोलायथची. माईकच्या डब्यांपुढे ज्याची गादी गेली होती तोच. आता दात झिजलेला, म्हातारा, आणि चुकीच्या खोऱ्यात राहायला गेलेला. मारणारे त्याच्या ओळखीचे होते.

युगांडातल्या न्गोगोच्या चिंपांझींनी दहा वर्षं शेजाऱ्यांचे असेच लचके तोडले आणि २००९ मध्ये त्यांची जमीन आपल्या हद्दीत घेतली. मुलूख २२ टक्क्यांनी वाढला. दर पेरणीला नांगराच्या फाळाने शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरणाऱ्या शेतकऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. गोम्बेबद्दलही, माणसांनी केळी घालून चिंपांझी बिघडवले, असा आरोप झालाच होता. २०१४ मध्ये १८ टोळ्यांची टिपणं एकत्र करून पाहिली, तेव्हा १५२ हत्या मोजल्या गेल्या, आणि माणसांच्या ढवळाढवळीशी त्यांचा मेळ बसला नाही. मेळ बसला तो नरांच्या संख्येशी आणि दाटीशी. या हल्ल्यांत मारणारे आणि मरणारा यांचं प्रमाण साधारण आठास एक. हे मला फार बोलकं वाटतं. चिंपांझीचं युद्ध शूराचं नसतं. गणित जमलं की होतं.

त्याच अभ्यासात बोनोबोंच्या चार टोळ्या होत्या, आणि त्यांच्या नावावर हत्या एकच, तीही संशयित. काँगो नदीच्या दक्षिणेला राहणारे हे बोनोबो आपले तितकेच जवळचे नातेवाईक. त्यांच्यात माद्यांची एकी असते आणि तंटे बरेचदा प्रणयाने मिटतात. त्यामुळे ज्याला माणूस जात्याच दुष्ट वाटतो तो चिंपांझीचं नातं सांगतो, आणि ज्याला भला वाटतो तो बोनोबोचं. लग्न ठरवताना दोन्हीकडची मंडळी असाच सोयीचा मामा पुढे करतात. पण २०२४ मध्ये बोनोबोंचा पाठलाग करून मोजदाद झाली, तर त्यांचे नर आपसांत चिंपांझींपेक्षा जास्त वेळा भांडताना आढळले. जीव घेत नाहीत, पण खेकसणं, पाठीस लागणं, ढकलणं अखंड. मला तर ते अधिकच घरचे वाटू लागले.

'स्वभावाला औषध नाही' असं म्हणून या सगळ्याचा निकाल लावणाऱ्यांसाठी रॉबर्ट सापोल्स्की यांच्या बबून माकडांची गोष्ट आहे. केनियात मसाई माराच्या रानात ते एका टोळीचा अभ्यास करत होते. शेजारच्या टोळीला प्रवाशांच्या लॉजमागचा उकिरडा मिळाला होता. सापोल्स्कींच्या टोळीतले जे नर सगळ्यांत मारकुटे, ते रोज पहाटे उठून तिकडे फुकटच्या खाण्यासाठी दंगा करायला जात. १९८० च्या दशकात उकिरड्यावर क्षयाची लागण झालेलं मांस पडलं आणि हे सगळे वीर मेले. मागे राहिले ते दंगा न जमणारे नर आणि माद्या. टोळी निवळली. नवल त्याच्या पुढचं आहे. बबूनचे नर वयात आले की दुसऱ्या टोळीत जातात, म्हणजे दहा वर्षांत तिथले नर बहुतेक सगळे बाहेरून आलेले होते. तरी टोळीची चाल तीच, मवाळ. नवा आला की काही महिन्यांत तोही इथे असं वागायचं नसतं हे शिके. त्याला कुणी बौद्धिक घेतल्याची नोंद नाही.

आणि माणूस? हर्डीने पुढे एका पुस्तकाच्या सुरुवातीला कल्पना केली आहे, की विमानात माणसांऐवजी चिंपांझी बसवले, तर उतरताना सगळ्यांची बोटं शाबूत राहतील का. विमानाचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे विरार लोकल आहे. गर्दीच्या वेळी चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं उभी असतात. रेल्वेच्या दप्तरी त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. एकमेकांना अनोळखी, घामेजलेले, उपाशी, वर साहेबांची बोलणी खाऊन आलेले इतके नर एका डब्यात दाबून भरले आहेत, आणि त्यांतला एक पेंगतोय, एक दुसऱ्याच्या खांद्यावर फोन टेकवून क्रिकेट बघतोय, चौघं टाळ्या वाजवत भजन म्हणताहेत. भांडणं होतात. बोरिवलीला उतरणारा विरार गाडीत चढला तर त्याची धडगत नसते, आणि 'धक्का लागतो तर टॅक्सीने जा की' हे वाक्य दिवसातून हजारदा उच्चारलं जात असेल. पण जीव जातात ते गर्दीने, रुळांवर पडून. शेजाऱ्याच्या दातांनी नाही. आक्रमकतेचा अभ्यास करणाऱ्यांनी आधी हे समजावून द्यावं, असं मला फार वाटतं.

मानवशास्त्रज्ञ रिचर्ड रँगहॅम यांनी तो प्रयत्न केला आहे. ते म्हणतात, आक्रमकपणा दोन जातींचा. एक गरम : धक्का लागला, डोकं फिरलं, हात उठला. दुसरा थंड : आधी ठरवून, माणसं जमवून, वेळ बघून केलेला. पहिल्यात माणूस चिंपांझीच्या पासंगालाही पुरत नाही, इतका तो निवलेला आहे. दुसऱ्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. सैबेरियात नोव्होसिबिर्स्कला १९५९ पासून दिमित्री बेल्यायेव आणि ल्युदमिला त्रुत यांनी दर पिढीतले सगळ्यांत कमी बुजणारे, न चावणारे कोल्हे निवडून पैदास केली. काही पिढ्यांतच कोल्हे शेपूट हलवू लागले. कान लोंबले, अंगावर पांढरे ठिपके आले. माणूसही असाच माणसाळलेला प्राणी आहे, असं रँगहॅम यांचं मत. मग माणसाला माणसाळवलं कुणी? त्यांचं उत्तर अंगावर काटा आणतं. बोलता येऊ लागल्यावर टोळीतल्या दुबळ्यांनी आपसांत कुजबुजून ठरवलं आणि दांडगाई करणाऱ्याला संपवलं. हजारो पिढ्या. तापट माणसांची पैदास खुंटली. उरले ते शांत डोक्याने बेत करणारे. आपण त्यांची लेकरं.

हे सिद्ध कसं करायचं, हा प्रश्नच आहे. कुजबुजीचे जीवाश्म होत नाहीत. पण आमच्या सोसायटीपुरतं मला ते पटतं. काका आणि साहेब ओरडतात, आणि कुणाचंही काही बिघडत नाही. एक तिसरे गृहस्थ आहेत. वीस वर्षांत त्यांचा आवाज कुणी चढलेला ऐकला नाही. ते आधी प्रत्येकाला भेटून चहा पितात, मग माहितीच्या अधिकारात एक अर्ज करतात, मग उपनिबंधकांकडे दुसरा. प्रत्येक पानाखाली सही आणि वर 'आपला विश्वासू'. सर्वसाधारण सभेत ते मुद्दा मांडतात तेव्हा सात जण आधीच मान डोलावत असतात. आठास एक. त्यांच्या तीन कमिट्या खाऊन झाल्या. लिफ्टमध्ये भेटले की ते नातवाची चौकशी करतात आणि मी जरा कोपऱ्यात सरकतो.

दांडगा निपजण्याआधीच त्याला रोखायची एक सौम्य युक्तीही माणसाने शोधली आहे. कॅनडाचे रिचर्ड ली हे मानवशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात कालाहारीच्या वाळवंटात कुंग शिकाऱ्यांबरोबर राहत होते. नाताळची मेजवानी म्हणून त्यांनी एक प्रचंड काळा बैल विकत घेतला. मग एकेक जण येऊन हळहळू लागला : हा असला हाडांचा सापळा घेतलास? याने काय होणार? पोटं रिकामी राहतील, भांडणं होतील. ली यांची झोप उडाली. बैल कापला तर आत बोटं बुडतील इतकी चरबी. सगळ्यांनी दोन दिवस ताव मारला, आणि खाताखाता बैलाला नावं ठेवून हसून घेतलं. नंतर टोमाझो नावाच्या शिकाऱ्याने त्यांना समजावलं, की मोठी शिकार आणणाऱ्या पोराला स्वतःला मोठा समजायची सवय लागते, आणि असा माणूस एक दिवस कुणाचा तरी जीव घेतो. म्हणून शिकारीला नाव ठेवायचं. त्याचं डोकं थंड राहतं.

हे वाचलं आणि आमच्या घराण्याचा सगळा इतिहास उलगडला. मी गणितात पैकीच्या पैकी मार्क आणले तेव्हा आजोबांनी पेपर सोपा होता का, असं विचारलं होतं. पंगतीत श्रीखंड अप्रतिम झालं, तर आमच्यात 'जमलंय' म्हणतात आणि ते करणाऱ्या काकूंना कानकोंडं होतं. 'छान' म्हटलं, तर काहीतरी बिघडलं असणार. माझा पहिला लेख छापून आला तेव्हा वडिलांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शुद्धलेखनाच्या चुका नाहीत." आमच्या सात पिढ्यांत एकही खून झालेला नाही.